मांडवाची वही: उन्हाळा २०२५

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. सुंठवडा खाऊन वही उघडली. यंदा सुट्टीत राहायला मामाच्या शेतात मांडव घालायचा हे नक्की झालं. जागा बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या अलीकडं, मलप्रभा नदीच्या वरच्या अंगाला, लहानपणी आम्ही राहायचो तीच. माणसं नऊ. आम्ही दोघं, आमची दोन मुलं, आण्णा-वहिनी आणि त्यांचा मुलगा, धाकटी बहीण आणि तिची पुण्याची लेक. मामा-मामी घर सोडून झोपायला येणार नाहीत, खरं दिवसभर तिथंच असतील असं मामी म्हणाल्या.

पहिला अडसर सुट्ट्यांचा. आमच्याकडच्या शाळा ११ एप्रिलला बंद होऊन २९ मेला उघडणार. पुण्याची शाळा २ मेला बंद होऊन १६ जूनला उघडणार. सीमेच्या दोन बाजूंची मावसभावंडं एकत्र येतात ती फक्त मे महिन्यात. त्यात मामाला रोहिणी नक्षत्र निघायच्या आत, म्हणजे २५ मेच्या आत, शेत मोकळं हवं. भाताची धूळवाफ पेरणी असते. कोरड्या मातीत बी टाकून पावसाची वाट बघायची. त्याआधी आमचं बिऱ्हाड उठायला पाहिजे.

हे सगळं मांडून तारीख निघाली: १७ ते २२ मे. अमावास्या २६-२७ला आहे, त्यामुळं या दिवसांत चंद्र मध्यरात्रीच्या आसपास किंवा त्यानंतर उगवेल. काजवे बघायला अंधार मिळेल.

१३ एप्रिल, रविवार

जागा बघून आले. बांध तोच, आंबा तोच, फक्त एक फांदी कमी झालीय.

इथं आम्ही का राहायचो हे मुलांना यावेळी पहिल्यांदा सांगितलं. १९८६-८७ च्या सुमाराची गोष्ट. मी आठ-नऊ वर्षांची. मे महिन्यात मामाच्या घराची कौलं परतायची असायची. सगळी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेले वासे बदलायचे आणि पाऊस लागायच्या आत पुन्हा लावायची. तेवढे दिवस घराला छप्परच नसायचं. मग आजी सगळं घर उचलून शेतात आणायची. चूल, जातं, दोन म्हशी, पाळणा, देवघरातला बाळकृष्ण आणि आम्ही अकरा पोरं. बैलगाडीच्या तीन खेपा व्हायच्या. तिसऱ्या खेपेत सगळ्यात वर वाकळांचा ढीग आणि त्या ढिगावर आम्ही.

काम चार दिवसांचं असायचं. मुक्काम मात्र आठ दिवसांचा. कौलं लागली तरी आजी म्हणायची, "घरात धूळ हाय, राहू दे अजून." धूळ झाडायला किती वेळ लागतो हे तिला चांगलं माहीत होतं. वर्षभर चूल आणि उंबरठा यांच्यात फिरणाऱ्या त्या बाईला रात्री आभाळाखाली पडायला आवडायचं. तोंडानं कधी म्हणाली नाही. आम्हाला ते कळलं तेव्हा ती नव्हती.

आजीच्या मांडवात पाहुणा कुणी नव्हता. चार वर्षांच्या मुलालासुद्धा काम होतं: चुलीला काटक्या. माझ्याकडं कंदिलाची काच. राख लावून रोज संध्याकाळी पुसायची. आपल्या मांडवातही असंच करायचं, हे मी आजच लिहून ठेवते. या पोरांसाठी मला सहल आखायची नाही. त्यांनी तिथं घर चालवावं असं मला वाटतं.

आता कामाचं. आण्णाला नदीकाठ हवा होता. मामानं मोडता घातला. "उन्हाळ्यात सांजचं सगळं जनावर पाण्यावर येतंय. गवा येतोय, डुकरं येत्यात. त्यांच्या वाटंत आपण कशाला बसायचं?" कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा एप्रिलात इथं डोहाडोहानंच उरते, त्यामुळं पाण्याच्या जागा थोड्या आणि गिऱ्हाइकं फार. शिवाय वरच्या अंगाला पाऊस झाला की इथं कोरड्या दिवशीही पाणी वाढू शकतं. म्हणून नदीपासून तीनशे पावलं लांब, उंचवट्यावर. आंब्याच्या खालीही नको. वीज उंच झाड बघते. आंब्यापासून चाळीस पावलांवर मामानं पायानं रेघ मारली.

मांडवाचं माप बारा फूट बाय अठरा. उगवतीची बाजू तट्ट्यानं बंद. "वळीव उगवतीकडनं येतोय" हेही मामाचंच.

२७ एप्रिल, रविवार

काल बेळगावच्या रविवार पेठेतून ताडपत्री आणली, अठरा बाय चोवीस, आणि काथ्याची दोन भेंडोळी. नायलॉनची दोरी आण्णा घ्या म्हणत होता. ती ओल्या हातातून सरकते आणि गाठ सुटते. काथ्या भिजला की उलट आवळतो.

आज अवस. मामा म्हणतो अवसेला तोडलेल्या वेळूला कीड लागत नाही. परड्यातल्या बेटातला चिवा तोडला, आतून भरीव, सरळ. मेढी, म्हणजे खांब, मात्र जाड लाकडाच्या: मधल्या रांगेत तीन उंच, दोन्ही बाजूंना तीन-तीन बुटक्या. मेढीला वर बेचकं पाहिजे, त्यात आडं, म्हणजे वरचा आडवा वासा, बसतं. बेचकं हुडकत अर्धा दिवस गेला. आमच्या थोरलीनं वाळक्या फांद्यांच्या ढिगातून चार बरोबर काढली. तिची नजर आजीची आहे.

येताना खानापुरात उतरून माठ घेतला. इथली माती भांड्यांना आणि कौलांना चांगली, म्हणून तर खानापुरात कुंभारकाम शिकवणारं खादी ग्रामोद्योगाचं केंद्र आहे. माठ वाजवून बघितला, खणखणीत. मांडीवर घेऊन आणला.

२९ एप्रिल, मंगळवार

वैशाख शुद्ध द्वितीया. बेळगावात शिवजयंती याच तिथीची. काम बंद.

४ मे, रविवार

भाची काल पुण्याहून आली. आज मेढी रोवल्या, ताडपत्री चढवली आणि पहिली रात्र परीक्षेची म्हणून तिथंच काढली.

खड्डे दोन फुटांचे. खाली मुरूम लागतो, पहार लागते, फावड्याचं काम नाही. मधल्या मेढी जमिनीवर सात फूट, बाजूच्या साडेचार. संध्याकाळी विहिरीवरून आठ बादल्या आणून मुलांनी ताडपत्रीवर ओतल्या. चार बादल्यांचं पाणी उतरलं, चार बादल्यांचं मध्येच पोट धरून बसलं. उतार कमी. मधल्या मेढी वाढवता येत नाहीत, म्हणून बाजूच्या आणखी फूटभर खाली घालायच्या. आड्यापासून वळचणीपर्यंत चिव्याच्या काठ्या दीड-दीड हातावर बांधायच्या.

दुसरा दोष धुराचा. दिवसा वारा पडलेला असतो. रात्री तो मावळतीकडनं सुटला आणि चुलीचा सगळा धूर आत. चूल उगवतीच्या तट्ट्याच्या पलीकडं हलवायची.

भाचीला झोप येईना. तिला आणि आमच्या धाकट्याला घेऊन बांधावर बसले. अर्धा चंद्र होता तरी आभाळ स्वच्छ. सप्तर्षी डोक्याच्या उत्तरेला, वसिष्ठाला चिकटून अरुंधती. मग दक्षिणेला वळवलं. झाडांच्या रेषेवर त्रिशंकूचे चार तारे, पतंगासारखे, आणि त्यांच्या डावीकडं मित्र आणि मित्रक हे दोन तारे. दक्षिणेकडं जावं तसा त्रिशंकू वर येतो. पुण्यापेक्षा इथं तो थोडा जास्त उंच दिसतो. भाचीनं मूठ आडवी धरून मोजलं, दीड मूठ भरली. आजीला यातलं एकही नाव माहीत नव्हतं, ती त्या पतंगाला "बुजगावणं" म्हणायची. मुलांनी तेच नाव उचललं.

११ मे, रविवार

मेढी खाली घातल्या. पुन्हा आठ बादल्या. सगळं पाणी उतरलं. मांडवाभोवती वीतभर खोल चर मारली, तोंड उताराकडं.

आतली जमीन मामींनी आणि वहिनींनी शेणानं सारवली. संडासासाठी लांब, वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला चर आणि शेजारी मातीचा आणि राखेचा ढीग. प्रत्येकानं नंतर दोन फावडी टाकायची.

कामांची वाटणी मुलांनीच केली. भाचीनं कंदील घेतला, मला आनंद झाला. आण्णाच्या मुलानं पाणी, थोरलीनं चूल. आमचा धाकटा सहा वर्षांचा आहे. त्यानं "गव्यावर लक्ष" हे काम मागून घेतलं.

१७ मे, शनिवार

मुक्काम सुरू. यावेळी बैलगाडीऐवजी टेंपो, एकाच खेपेत सगळं. खाली भाताचं पिंजर, वर तरट, त्यावर वाकळा. त्यातली एक आजीनं शिवलेली, तिच्या नऊवारीच्या पातळांची. हिरव्या इरकलीचा तुकडा अजून ओळखू येतो. या वाकळेत कोण झोपणार यावर चौघांत भांडण. शेवटी रात्री पाळीनं.

दुपारी करवंदं. जाळीत हात घालायच्या आधी काठीनं हलवायचं, साप असतो. बांधावर बसून "कोंबडा की कोंबडी" सुरू झालं. करवंद फोडायच्या आधी सांगायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी. भाचीला हा खेळ माहीत नव्हता. अर्ध्या तासात ती सगळ्यांच्या पुढं गेली. वहिनी मीठ-चटणी घेऊन आल्या, सगळ्यांच्या ओठांना चीक.

संध्याकाळी काजू भाजले. भोकं पाडलेल्या पत्र्यावर बिया पसरून विस्तवावर. टरफलातलं तेल भडकन पेटतं, ते कातडीला लागलं तर फोड येतात, म्हणून पोरांना काठीच्या अंतरावर उभं केलं. ज्वाळा बसली की पत्रा मातीत उलटा करायचा आणि वर राख. मग दगडानं ठोकायचं. मी सात वर्षांची असताना थांबले नव्हते. ज्वाळा विझायच्या आत एक बी उचलून दातानं फोडली. ओठ चार दिवस सुजून होता आणि आजीनं चारही दिवस मला पेज भरवली. मुलांना हे सांगितलं तेव्हा चौघंही काठी मोजून आणखी एक पाऊल मागं सरकली.

रात्री तांदळाची भाकरी, मसुरीची आमटी, संकेश्वरी मिरचीचा ठेचा. झोपताना चुलीवर दोन तांबे पाणी ओतून हातानं निखारे चाचपले. मे महिन्यात ठिणगी उडाली तर डोंगर पेटतो. वर भीमगडचं रान आहे, २०११ पासून अभयारण्य. आपण आपल्या शेतात राहायचं आणि त्या रानाला आपला त्रास होऊ द्यायचा नाही.

१८ मे, रविवार

दुपारी तीनपासून उकाडा. पान हलेना. शेजारच्या शेतातले काका बैल सोडून घराकडं निघाले होते. त्यांनी उगवतीकडं हात केला आणि म्हणाले, "मळे बरतैती."

भाची: "कुणाचे मळे?"

आमचा धाकटा शाळेत कन्नड शिकतो. त्यानं मोठ्या माणसासारखं समजावलं, की कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊस, पाऊस येतोय असं ते म्हणतायत. भाची म्हणाली, "मग आमच्या मळ्यात मळे." काका वळून हसले. त्यांना मराठी चांगलं येतं.

घरातल्या मराठीचंही तिचं असंच चाललंय. काल धाकटा म्हणाला, "मी येतो, खरं चप्पल हुडकायलोय." ती म्हणाली, "खोटं कोण म्हणतंय?" आमच्याकडं "पण"ला "खरं" म्हणतात हे तिला दहा वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

चार वाजता पहिली वीज. पाठ केलेला नियम: चमकल्यापासून गडगडेपर्यंत मोजायचं, तीन सेकंदाला एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडलं की हातातलं टाकून मामाच्या घरी. पहिलं मोजणं बेचाळीस. दुसरं तेहेतीस. तिसरं सत्तावीस, आणि थोरलीनं उकळती आमटी तशीच सोडून सगळ्यांना हाकललं. पाच मिनिटांची वाट. सोप्यात, म्हणजे ओसरीवर, पाय ठेवला आणि टपोरे थेंब.

तासाभरानं परत आलो. चर वाहत होती, आत पिंजर कोरडं. मावळतीची एक मेख उपटून ताडपत्रीचा कोपरा फडफडत होता, एवढंच. आमटीत पाणी शिरून ती सार झाली होती. तीच प्यायलो. मातीचा वास होता, सगळ्यांना आवडली.

१९ मे, सोमवार

सकाळी नदीकडं गव्याचे खूर. धाकट्यानं शेजारी स्वतःचा पाय ठेवून बघितला. मग त्यानं विचारलं, आपण त्याच्याकडं लक्ष ठेवत होतो तेव्हा तोही आपल्याकडं ठेवत असेल का. मामा म्हणाला, "तो तर आधीपासनं ठेवतोय."

रात्री काजवे. पावसानं हवा ओली झाली होती, चंद्र नव्हता. विजेऱ्यांना लाल जिलेटीन बांधलं. नर प्रकाशाच्या उघडझापीनं मादीला खुणावतात, आपला पांढरा उजेड मध्ये आला की त्यांचं बोलणं तुटतं. भाचीनं कंदील आपणहून विझवला. ओढ्याकडच्या जांभळीवर आधी दहा-वीस ठिपके, वेगवेगळे. मग हळूहळू लय जुळली. सगळं झाड एकदम उजळायचं, एकदम विझायचं. आण्णाचा मुलगा श्वास त्याच्याबरोबर घेत होता, मला शेजारी ऐकू येत होतं.

एक काजवा थोरलीच्या हातावर बसला. तिनं विचारलं, चटका का बसत नाही. पोटातल्या ल्युसिफेरीन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन हा उजेड निघतो आणि त्यात उष्णता जवळजवळ होत नाही. हे मी दिवसा वाचून ठेवलं होतं. तिथं बोलताना मात्र आवाज आपोआप खाली गेला.

आजी काजवे दिसले की आम्हाला गप्प बसवायची. म्हणायची, त्यांचं लगीन चाललंय.

२१ मे, बुधवार

काल दुपारपासून पाऊस. वळीव येतो, आपटतो, जातो. हा जात नाही. मामा बांधावर उभा राहून आभाळ बघत होता. "ह्यो वळीव न्हवं," एवढंच म्हणाला. रात्रभर ताडपत्री वाजत राहिली. पाणी आत आलं नाही, खरं जमिनीची ओल सारवणातून वर आली आणि वाकळांच्या कडा भिजल्या. सकाळी मुक्काम हलवला. ठरल्यापेक्षा एक रात्र आधी.

मुलं रडतील असं वाटलं होतं. सोप्यात शिरल्यावर वरून टप् असा आवाज आला. मामाच्या घराचं एक कौल सरकलेलं. धाकट्यानं धावत जाऊन मांडवातला तांब्या आणून थेंबाखाली ठेवला. मग सगळे गळती हुडकायला लागले. चार जागा सापडल्या: तांब्या, पातेलं, परात, डबा. प्रत्येकाचा आवाज वेगळा. दुपारपर्यंत त्यांनी त्यावर गाणं बसवलं होतं.

मामीनं काय केलं ते लिहिलंच पाहिजे. थोरलीची चूल पावसात विझली म्हणून स्वयंपाकघरातली आपली चूल तिच्या हवाली केली आणि स्वतः पाटावर बसून राहिल्या. "आज तू कर गे." पन्नास वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणी केलेली भाकरी त्या या घरात खात होत्या, हे मामानं सांगितलं. भाकरी जाड झाली होती. मामींनी दोन खाल्ल्या.

२५ मे, रविवार

काल मान्सून केरळात पोहोचला. १ जूनची त्याची नेहमीची वेळ, यंदा आठ दिवस आधी. २००९ नंतर एवढ्या लवकर कधी आला नव्हता. आज रोहिणी निघाली आणि मामाचं शेत चिखल झालंय. धूळवाफ पेरायला धूळच नाही. आता वाफसा मिळाला, म्हणजे जमीन पेरण्याएवढी सुकली, तर पेरणी, नाहीतर रोप टाकून लावणी. मामा दोन दिवस कमी बोलतोय. आण्णा आणि आमचे हे आज त्याच्याबरोबर बांध फोडून पाणी काढायला गेले. मुलांनीही खोरी मागितली. चौघंही कमरेपर्यंत लाल.

१ जून, रविवार

मांडव उतरवला. आमच्या शाळा गुरुवारी सुरू झाल्या, भाची अजून इथंच आहे. सुट्टी तिची जास्त, त्यामुळं उतरवायचं बरंचसं काम तिनं केलं. काथ्याच्या गाठी भिजून अशा आवळल्या होत्या की सुटेनात, तोडाव्या लागल्या. पुढच्या वेळी ओढगाठ मारायची, एक शेपूट बाहेर ठेवून. चिवा गोठ्याच्या माळ्यावर. ताडपत्री पिंजराच्या गंजीवर, मामाला तिची गरज जास्त आहे. माठ मामींनी ठेवून घेतला.

सरकलेलं कौल आण्णानं शिडी लावून बसवलं. बाकीची कौलं पुढच्या मे महिन्यात परतायची असं मामाशी ठरलं.

१६ जून, सोमवार

संध्याकाळी पुण्याहून भाचीचा फोन. "मावशी, शाळा सुरू झाली. खरं पाऊस यायलाय आणि मला झोप येत नाही. वाकळ पाठव की."

उद्या धुऊन वाळवते. ऊन पडलं तर.